आंगरवाडी ते अलिबाग : दर्यावर हुकूम चालवणारे सरखेल कान्होजी आंग्रे

दिवाळी आली की गावोगावी पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात. वर महाराज, पायथ्याला मावळे, एखादी तोफ, आणि हळीव-मोहरीचं उगवलेलं हिरवं गवत. किल्ला बहुतेक डोंगरीच असतो. परातीत पाणी भरून त्यात जलदुर्ग उभा करणारं पोर विरळाच. कारणही सोपं आहे. चाकण, खेड, मावळ, मुळशी हा सगळा डोंगराचा आणि काळ्या मातीचा मुलूख. इथलं पाणीसुद्धा पश्चिमेला कोकणात उतरत नाही. इंद्रायणी, भामा भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी जातं थेट बंगालच्या उपसागराला.

अशा मुलखातून निघालेल्या घराण्यातल्या एका माणसानं अरबी समुद्रावर तीस वर्षं हुकूमत गाजवली. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चौघांनाही त्यानं दाद दिली नाही. ते म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

त्यांचं मूळ आडनाव आंग्रे नव्हतं, संकपाळ होतं. पुणे जिल्ह्यातलं काळोसे, म्हणजे चाकणजवळचं आपलं काळूस, हे घराण्याचं मूळ गाव मानलं जातं. तिथल्या आंगरवाडीवरून लोक त्यांना आंग्रे म्हणू लागले आणि तेच नाव पुढे कायम झालं. आज त्या भागातून जाताना कंपन्यांच्या बस आणि मालाचे कंटेनर दिसतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथून माणसं बाहेर पडायची ती शिलेदारीसाठी, तलवारीवर पोट भरायला.

बाप आरमारात, पोरगा किल्ल्यावर

कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. महाराजांनी १६५७ च्या सुमारास कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीच्या काठावर जहाजं बांधायला सुरुवात केली. आरमार नवं होतं, माणसं लागणार होती. कोळी, भंडारी, दालदी अशी पिढीजात दर्यावर्दी मंडळी तर आलीच, पण घाटावरचीही काही घराणी खाली उतरली. आंग्रे त्यातलेच. तुकोजींची नेमणूक हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाशी जोडलेली सांगतात. कान्होजींचा जन्म साधारण १६६९ चा धरला जातो. त्यांचं बालपण गेलं ते समुद्राच्या आवाजात.

घाटावरच्या पोराला जसं आभाळ बघून पाऊस कळतो, तसं किनाऱ्यावरच्या पोराला पाणी बघून वेळ कळते. भरती किती वाजता लागणार, ओहोटीला कुठला खडक उघडा पडणार, नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात का घालायची नाही, उत्तरेचा वारा कधी सुटतो. ही विद्या कान्होजींना कुठल्या पुस्तकातून मिळालेली नव्हती. पुढे ज्या मोठमोठ्या दर्यासारंगांशी त्यांची गाठ पडली त्यांच्याकडे नकाशे होते, दुर्बिणी होत्या, शंभर तोफांचा मारा होता. पण ह्या किनाऱ्याचं पाणी कान्होजींइतकं त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुवर्णदुर्गाची एक हकिकत परंपरेनं सांगितली जाते. सिद्दीनं किल्ल्याला वेढा घातला होता आणि किल्लेदार आतून फितूर झाला होता. तरण्या कान्होजीनं हे ओळखलं, किल्लेदाराला बाजूला केलं आणि लढाई स्वतःच्या हातात घेतली. एका चढाईत तो सिद्दीच्या हाती सापडला. तिथून निसटला, पोहत किल्ल्यावर आला, आणि पावसाळा लागेपर्यंत किल्ला लढवला. पावसाळा लागला म्हणजे गलबतांचा वेढा आपोआप उठतो. हकिकतीतला एकेक तपशील खरा किती हे सोडून द्या, पण पुढच्या कान्होजींशी ती तंतोतंत जुळते. लढाईपेक्षा वेळ साधणं त्यांना जास्त चांगलं जमायचं.

मोडकं आरमार हाती आलं

१६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले. रायगड पडला. राजाराम महाराज जिंजीला गेले. घाटावर संताजी-धनाजींनी औरंगजेबाला कसं जेरीस आणलं ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच वेळी खाली किनाऱ्यावर काय चाललं होतं, त्याबद्दल मात्र दोन ओळीही क्वचित वाचायला मिळतात.

किनाऱ्यावर आरमाराचे सरखेल होते सिधोजी गुजर. त्यांच्या हाताखाली कान्होजी एकेक ठाणं राखत, गेलेलं परत मिळवत होते. १६९८ ला सिधोजी वारले आणि आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. सरखेल म्हणजे आरमाराचा सर्वोच्च अधिकारी. हुद्दा मोठा, पण तिजोरीत पैसा नाही, राजा लांब, आणि चारी बाजूंनी शत्रू. मुंबईत इंग्रज, वसई-चौल-गोव्यात पोर्तुगीज, जंजिऱ्यात सिद्दी. या सगळ्यांच्या मधोमध, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात कान्होजींनी आपलं मुख्य ठाणं केलं. हा किल्ला ओहोटीला पायी चालत गाठता येतो आणि भरतीला चहूबाजूंनी पाण्यात असतो. अलिबागला सहलीला गेलेल्यांनी तो पाहिलेला असेलच.

दस्तक : सगळ्या भांडणाचं मूळ

इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींना सरळ चाचा म्हटलेलं आहे. चाचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. आजही इंटरनेटवर नाव टाकलं की हा शब्द येतो. त्यामुळे हे भांडण नेमकं कशावरून होतं ते नीट समजून घ्यायला हवं.

त्या काळी समुद्रातून माल न्यायचा तर परवाना लागायचा. ही पद्धत कान्होजींनी काढलेली नाही. पोर्तुगीज हिंदुस्थानात आल्यापासून दोनशे वर्षं इथल्या जहाजांना त्यांचा परवाना घ्यावाच लागत होता. ज्याच्याकडे तो नाही त्याचं जहाज जप्त. ना हा समुद्र त्यांचा, ना हा किनारा त्यांचा, तरी पैसा ते घ्यायचे. कान्होजींनी तेच उलटं केलं. हा किनारा मराठ्यांच्या राज्याचा आहे, तेव्हा इथून जायचं तर आमचं दस्तक घ्या, ठरलेली रक्कम भरा आणि बिनघोर जा. टोलनाक्याची पावती म्हणा हवं तर. पावती असलेल्या जहाजाला धक्का लागायचा नाही. नसेल तर गाठ आरमाराशी.

इंग्रजांनी पैसे भरायला नकार दिला. वर आणखी एक युक्ती केली. कंपनीची स्वतःची जहाजं वेगळी, पण मुंबई-सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांनाही ते आपला परवाना आणि आपलं निशाण देऊ लागले. मालक एक आणि पासिंग भलत्याच्या नावावर, असा प्रकार. कान्होजींनी साफ सांगून टाकलं की कंपनीच्या जहाजाचं बघू, पण परक्या मालावर तुमचं फडकं लावलेलं आम्ही मानणार नाही. इथून पुढची वीस-पंचवीस वर्षं जे काही झालं ते ह्या एका मुद्द्यावरून.

कान्होजींच्या माणसांनी जहाजं लुटली हे खरं आहे, त्यात माणसं मेली हेही खरं. त्यात गरीब खलाशीही असत. पण छत्रपतींचा हुद्दा, ठरलेली जकात, लेखी परवाने आणि तह करण्याचा अधिकार असलेल्याला दरोडेखोर म्हणायचं, तर मग तोच हिशोब पोर्तुगीजांना आणि कंपनीलाही लावावा लागेल.

लहान गलबतं, मोठी जहाजं

इंग्रजांचं लढाऊ जहाज उंच, जड आणि दोन्ही अंगांना तोफा लावलेलं. त्याच्या बाजूला गेलात तर चिंधड्या. कान्होजींची मुख्य जहाजं दोन प्रकारची. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, नाळेवर तोफा असलेलं जहाज. आणि गलबत म्हणजे लहान, हलकं, शिडावर चालणारं आणि वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर पळणारं.

डाव असा. वारा पडेपर्यंत थांबायचं. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी खिळतं, कारण त्याला वल्ही नसतात. मग गलबतांनी गुराबांना दोर लावून ओढत न्यायचं, ते मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूला. तिथे तोफा कमी. मारा करायचा तो डोलकाठ्या आणि शिडांवर. जहाज पांगळं झालं की चहूबाजूंनी गलबतं भिडवायची आणि तलवारी घेऊन वर चढायचं. डोंगरातला गनिमी कावाच हा, फक्त खिंडीच्या जागी वारा आणि भरती.

जहाजं बांधायची, दुरुस्त करायची सोयही त्यांच्या मुलखातच होती. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात, वाघोटण खाडीच्या काठावर खडकात कोरलेली आंग्रेकालीन गोदी अजून पाहायला मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, पाणी काढलं की तळ कोरडा. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही ती बघताना आपल्या गाडीखालचा पिट आठवेल.

लोहगडावर सरखेल

आता गोष्ट पुन्हा आपल्या भागात येते.

औरंगजेब गेल्यावर १७०७ ला शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्या गादीचे दोन भाग झाले. एकीकडे साताऱ्याला शाहू महाराज, दुसरीकडे ताराबाई. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहू महाराजांनी आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडलं. १७१३ साली कान्होजी घाट चढून वर आले, पेशव्याचा पराभव केला आणि खुद्द पेशव्यालाच कैद केलं. लोहगड आणि राजमाची त्यांच्या ताब्यात आले.

लोणावळा लोकलनं मळवलीला उतरलं की समोर लोहगड दिसतो. पुढे बोरघाटाच्या तोंडावर राजमाची. कोकणातून वर येणारा माल ह्याच वाटांनी यायचा. म्हणजे खाली बंदरं कान्होजींची आणि वर घाटाची दारंही त्यांचीच. साताऱ्यावर ते चालून येणार अशी हूल उठली. मराठ्यांची फौज आणि मराठ्यांचं आरमार एकमेकांवर उठलं असतं, तर फायदा कुणाचा झाला असता हे सांगायला नको.

अशा वेळी शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भटांना पुढे केलं. बाळाजी मूळचे कोकणातले, श्रीवर्धनचे. कान्होजींची आणि त्यांची जुनी ओळख होती. त्यांना पेशवेपद देऊन पाठवण्यात आलं. दोघांची भेट लोणावळ्याजवळ वलवणला झाली आणि तिथून पुढे कुलाब्याला बोलणी झाली. तलवार म्यानातून निघाली नाही. १७१४ च्या सुरुवातीला तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानलं, पिंगळ्यांना सोडलं, घाटावरचे किल्ले राजमाची सोडून परत करायचं कबूल केलं. बदल्यात सरखेलपद त्यांच्याकडे कायम झालं आणि कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांना मिळाली.

कान्होजींच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जीत कुठली, असं विचारलं तर लोक इंग्रजांशी झालेल्या लढाया सांगतील. पण हा तह त्याहून मोठा म्हणायला हवा. पेशवा कैदेत असताना, घाट हातात असताना थांबणं सोपं नव्हतं.

गव्हर्नरची नौका आणि तीस हजार रुपये

ह्या तहाच्या आधीच, १७१२ च्या अखेरीला, एक घटना घडली होती जिनं मुंबईची झोप उडवली. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची खास सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमारानं पकडली. कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख तीवर होता, तो लढाईत मारला गेला. त्याची तरुण बायको कैद झाली. तीन महिन्यांनी, १७१३ च्या फेब्रुवारीत, तीस हजार रुपये मोजून इंग्रजांनी तिला सोडवून नेलं. कंपनीशी तात्पुरता तहही झाला.

१७१५ ला चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आला तो कान्होजींना संपवायचंच असं ठरवून. मुंबईभोवती तटबंदी घातली, नवी लढाऊ जहाजं बांधली. विजयदुर्गावर हल्ला केला, फसला. १७१८ ला खांदेरीवर केला, तोही फसला. खांदेरी हे थळसमोरचं बेट, मुंबई बंदराच्या अगदी तोंडाशी. शिवाजी महाराजांनी १६७९ ला इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिथे किल्ला बांधला होता. नंतर १७२० ला पुन्हा विजयदुर्ग. ह्या वेळी इंग्रजांनी जाड फळ्यांचा, गोळे झेलू शकेल असा एक तरंगता तोफखाना मुद्दाम बनवून नेला. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

हार पचत नाही तेव्हा घरात फितूर शोधला जातो. मुंबईत रामा कामती नावाचा मोठा सावकार होता. कंपनीच्या शिपायांचा सरदार, वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा. त्यानं कान्होजींना गुप्त पत्रं लिहिली असा आरोप ठेवून १७२० ला त्याच्यावर खटला चालवला आणि इस्टेट जप्त करून त्याला तुरुंगात टाकलं. त्या तुरुंगातच तो काही वर्षांनी मेला. पुराव्यातली पत्रं बनावट होती हे नंतर उघड झालं. कान्होजींच्या लढायांत मेलेल्यांची नावं कुठे कुठे नोंदलेली आहेत, पण ह्या माणसाची गोष्ट अशा मोठ्या चरित्रांत हरवून जाते.

१७२१ : दोन सत्ता एक झाल्या

शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली चार लढाऊ जहाजं घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज आला. गोव्याचा व्हाइसरॉय जातीनं आला. दोघांची मिळून सुमारे सहा हजारांची फौज १७२१ च्या डिसेंबरात अलिबागला कुलाब्यासमोर उतरली.

सात वर्षांपूर्वीचा वलवणचा समझोता इथे कामाला आला. कान्होजींनी साताऱ्याला मदत मागितली आणि ती आली. तोपर्यंत बाळाजी विश्वनाथ जाऊन त्यांचा तरुण मुलगा बाजीराव पेशवा झाला होता. मराठ्यांचं घोडदळ किनाऱ्यावर उतरलं, त्यात पिलाजी जाधवराव होते. इंग्रजांनी शिड्या लावून किल्ल्यावर चढाई केली, ती मागे रेटली गेली. मराठी स्वार पोर्तुगीजांवर तुटून पडले आणि त्यांची फळी मोडली. त्या गोंधळात मॅथ्यूजच्या मांडीत भाला लागला. दोन दोस्त एकमेकांवरच खवळले. जानेवारीत पोर्तुगीजांनी बाजीरावांशी परस्पर तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले.

याच मॅथ्यूजवर पुढे इंग्लंडात लष्करी खटला चालला. चाच्यांचा बंदोबस्त करायला म्हणून राजाची जहाजं घेऊन गेला आणि स्वतःच बेकायदा व्यापार करून आला, असा ठपका होता. तो दोषी ठरला.

१७२४ ला डचांनी विजयदुर्गावर सात जहाजांनिशी नशीब आजमावलं. त्यांनाही तसंच परतावं लागलं. यानंतर कान्होजी असेपर्यंत कुणी मोठी मोहीम काढली नाही.

नंतर

४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले. अलिबाग शहरात त्यांची समाधी आहे. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव आहे आणि खांदेरीचं दीपगृह त्यांच्या नावानं ओळखलं जातं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. चारही कान्होजींच्या आयुष्यातले.

थोरला मुलगा सेखोजी सरखेल झाला, पण चार वर्षांतच, १७३३ ला, तो गेला. मग भावाभावांत वाटण्या पडल्या. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेच्या किल्ल्यांवर. गावात बांधावरून भाऊबंदकी होते, इथे ती आरमारावरून झाली. संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तो शूर होता, पण पेशव्यांशी त्याचं पटेना.

१७५६ च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजीवर मोहीम केली. जमिनीकडून पेशव्यांची फौज, समुद्राकडून इंग्रजांची जहाजं. खाडीत मराठ्यांचं आरमार एकमेकांना लागून नांगरलेलं होतं. इंग्रजांच्या गोळ्यानं त्यातल्या एका जहाजाला आग लागली. ते तुळाजीनं काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं जहाज होतं. वाऱ्यानं आग शेजारच्या गुराबेवर गेली, तिथून पुढच्या गलबतांवर. बघता बघता सगळं आरमार खाडीत पेटलं. तुळाजी पेशव्यांच्या हाती सापडला आणि मरेपर्यंत कैदेत राहिला. विजयदुर्गात आधी शिरले ते इंग्रज.